खणात बांधलेला वाटा

मी जगावं म्हणून बजाबाईनं लक्ष्मीआईला बकरं बोललं होतं. मी जगलो. आता ते बकरं द्यायचं होतं, आणि गावच्या रिवाजाप्रमाणं ते कापायचा मान माझा होता.

माझा आतेभाऊ तन्वीर हे ऐकून म्हणाला, "म्हणजे नवरदेवानंच येऊन मांडव घालायचा."

तन्वीर जुळे सोलापुरात राहतो, औषधाच्या कंपनीत आहे, आणि त्याला कुठल्याही गोष्टीत काय चुकलंय ते लगेच दिसतं. या वेळी त्याचं बरोबर होतं.

नीट सांगतो. आम्ही मुलाणी. सोलापूरहून मोटरसायकलवर तासाभराच्या आत खडकवठे नावाचं गाव लागतं. माझे दादा, म्हणजे अब्बांचे अब्बा, इमामसाब, तिथलेच. तरुणपणी गिरणीत कामाला म्हणून ते भवानी पेठेत आले. पुढं गिरणी बंद पडली, दादा चालू राहिले. पण गावचं मुलाणीपण सुटलं नाही. लक्ष्मीआईच्या जत्रेत बकरी पडतात, आणि मुलाण्याची सुरी फिरल्याशिवाय ते मटण गाव खात नाही. देवी त्यांची, बकरं त्यांचं, नवस त्यांचा. सुरी आमची आणि सुरीवर नाव अल्लाचं. ही व्यवस्था कुणी लावली ते कुणालाच माहीत नाही. कुणी विचारायलाही गेलं नव्हतं, कारण रस्सा चांगला होत होता.

कापणाऱ्याला वाटा मिळतो. पहिल्या बकऱ्याच्या मानेचं मटण मुलाण्याचं.

गेल्या वर्षी दादांना दम्यानं धरलं म्हणून मी पहिल्यांदाच एकटा गेलो. एरवी मी नव्या पेठेत एका दुकानात ब्लाउजपीस आणि खणांच्या काउंटरला असतो. बायकांना रंग जुळवून देणं हा माझा धंदा. त्यांच्या साडीचा रंग मला सापडतो, पण त्यांच्या मनातला सापडत नाही, त्यामुळं दिवस मोठा जातो. सुरी मात्र लहानपणापासून दादांच्या शेजारी बसून शिकलेलो. बकऱ्याला आधी पाणी पाजायचं. सुरी त्याला दाखवायची नाही. एकाच्या डोळ्यांदेखत दुसरं कापायचं नाही. मग बिस्मिल्ला म्हणायचं आणि मध्येच थांबायचं नाही. नाव मी कसं घ्यायचो, तर रिक्षावाला वळणावर हॉर्न देतो तसं. द्यायचा असतो म्हणून.

त्या वर्षीचं पहिलं बकरं बजाबाईचं होतं. बजाबाई दादांच्या गावातल्या घराची शेजारीण. दादांना ती इमामभाऊ म्हणते आणि मला 'मोईन्या'. माझ्यासाठी वाटा पिशवीत भरायला लागले तेव्हा तिनं ती पिशवी हिसकावून घेतली.

"कॅरीबॅगेत काय घालताय? परसाद हाय त्यो."

देवीच्या ओटीतला एक हिरवा खण तिनं उचलला, हळदीकुंकू लागलेला, आणि मटण त्यात बांधलं. गाठ मारून माझ्या हातात दिलं.

"असा ने. वाटंत कुणी इचारलंच तर खण दाव. समद्यांना कळंल, देवीचं हाय."

तो खण माझ्याच काउंटरवरचा होता. काठ बघून मी ओळखला आणि मला उगीचच बरं वाटलं.

वाटेत कुणीतरी विचारलं. मी खण दाखवला.

पुढचं थोडक्यात सांगतो. रस्त्यावर बंद पडलेला एक पेट्रोल पंप आहे, तिथं काही पोरं उभी होती. आधी नाव विचारलं. मग गाठोडं उघडायला लावलं. आत मटण बघून त्यांना राग आलाच, पण देवीच्या खणात मटण बघून जो आला तो वेगळाच होता. ते गाईचं आहे हे त्यांनी बघताक्षणी ठरवलं. मी म्हणालो, बकरं आहे. मग म्हणालो, जत्रेतलं आहे. मग म्हणालो, देवीनंच दिलंय. एकेका वाक्यानं माझी बाजू आणखी बिघडत गेली. खरं इतकं न पटणारं असेल तर माणसानं जवळ एक बरं खोटं ठेवावं. माझ्याकडं नव्हतं.

दोघांनी हात धरले, दोघांनी पाय. बाकीच्यांकडं काठ्या होत्या. त्यांचं चालू असताना मी पाणी मागितलं. त्यांच्यातला एक, माझ्याच वयाचा, बाटली घेऊन जवळ आला. देवाचं नाव घे, मग देतो म्हणाला. मी घेतलं. मोठ्यानं घे म्हणाला. मोठ्यानं घेतलं. ते नाव काही मी पहिल्यांदा घेत नव्हतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्या नावाचा मांडव पडतो, तिथं मी लहानपणी रांगेत दोनदा उभं राहून दोनदा प्रसाद घेतलाय. माझं त्या नावाशी कधी काही वाकडं नव्हतं.

त्यानं बाटली उलटी केली आणि पाणी मातीत ओतलं.

हे सगळं एकजण मोबाईलवर घेत होता. त्याच्या मोबाईलची बॅटरी संपली. मग बाकीच्यांचाही जोर गेला, आणि थोड्या वेळानं ते निघून गेले. लोक म्हणतात अल्लानं वाचवलं. मी वाद घालत नाही. बॅटरीसुद्धा कुणीतरी संपवत असेलच.

मी सरकारी दवाखान्यात पडलो आणि मटण तपासायला गेलं. मला वॉर्डात पंखा नव्हता, त्याला बर्फ होता. माझं काय करायचं ते त्याचं काय निघतं यावर अडलं होतं. यथावकाश अहवाल आला : बकरं. बकऱ्याची निर्दोष सुटका झाली. माझ्याबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं. केस अजून चालू आहे.

बजाबाई एसटीनं दवाखान्यात आली. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. माझं तोंड सुजून असं झालं होतं की ती आधी शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडंच बघत राहिली होती. मग मला म्हणाली, "मीच बांधलं." तेवढंच बोलून गेली, आणि गावात पोहोचल्यावर घरी न जाता देवळात जाऊन नवस बोलली. पोरगं वाचलं तर त्याच्या नावानं बकरं देईन, आणि ते त्याच्याच हातनं. देईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही.

हे मला बरंच नंतर कळलं. तोवर माझं आणखी एक बिघडलं होतं.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी अम्मीनं खिचडी भरवायला घेतली. "बिस्मिल्ला बोल," म्हणाली. मी चमच्यासाठी तोंड उघडलं. शब्द काही आला नाही. मला वाटलं जबडा दुखतोय म्हणून असेल. जबडा बरा झाला तरी येईना. जीभ तिथपर्यंत जायची आणि तिला ती बाटली दिसायची. नाव घे, मग देतो. कुठलंही नाव घ्यायला गेलो की वाटायचं समोर कुणीतरी बाटली धरून उभं आहे.

याचा बाहेरून जो परिणाम झाला तो गमतीचा होता. मी पाच वेळा मशिदीत जायला लागलो. आधी फक्त जुम्म्याला जायचो, तेही दुकानातून सुट्टी मिळते म्हणून. आता पहिल्या अजानला दारात हजर. पेठेतल्या म्हाताऱ्यांना भरून आलं. ज्याच्यावर जुलूम होतो तो अल्लाच्या जवळ जातो, असं ते आपापल्या नातवंडांना माझ्याकडं बोट दाखवून सांगू लागले. नातवंडं माझ्याकडं रागानं बघायची.

खरं असं होतं की मी तिथं जाऊन नुसता बसायचो. बरगड्या मोडल्या म्हणून मला प्लास्टिकची खुर्ची दिली होती. गुडघे गेलेल्यांची शेवटची रांग असते, त्यात भिंतीला पाठ लावून मी. त्या रांगेत सगळ्यात तरुण मीच. बरगड्या जुळल्या, तरी मी खुर्ची सोडली नाही. कारण सजद्यात डोकं जमिनीला टेकवलं की मागं कोण आहे ते दिसत नाही. मान उघडी पडते. एकदा घरी, दार लावून, करून बघितलं. डोकं जमिनीच्या वीतभर वर जाऊन थांबलं आणि मला घाम फुटला. मी तसाच उठलो आणि अम्मीला सांगितलं की चेंडू खाटेखाली गेला होता. आमच्या घरात चेंडू नाही.

मग जातच का होतो? मला विचारायचं होतं म्हणून. ज्याला विचारायचं तो तिथं असतो असं ऐकून होतो. पण विचारायलाही नावानं हाक मारावी लागते, तिथंच अडलेलं.

दादांना एकदा विचारलं. ते खाटेवर बसून चहा बशीत ओतत होते. त्यांचा हात आता असा कापतो की निम्मा चहा बशीत जातो, निम्मा लुंगीवर, आणि ते दोन्हीकडं सारख्याच समाधानानं बघतात.

"दादा, त्यांनीपण नाव घेऊनच मारलं."

"व्हय."

"आपणपण नाव घेऊनच कापतो."

दादांनी बशी खाली ठेवली. लुंगीवरचा चहा झटकला.

"मला न्हाय ठावं पोरा," ते म्हणाले. "माझ्या बापानं मला येवडंच शिकिवलं, आदी पानी पाजायचं. का, ते मी इचारलं न्हाय."

तन्वीरला विचारलं असतं तर उत्तर लगेच मिळालं असतं. न विचारताही त्यानं दिलंच. त्याचं म्हणणं असं की, ते मटण मुळातच आपल्याला चालत नाही. दुसऱ्या देवाच्या नवसाचं बकरं आपण कापणं, त्याचा वाटा आणणं, हेच चुकलं. त्यानं ते पुस्तकातून दाखवलंही. म्हणजे ज्या मटणासाठी मी मार खाल्ला त्यानं त्या पोरांच्या हिशोबानं त्यांच्या देवाचा अपमान झाला होता, आणि तन्वीरच्या हिशोबानं माझ्या. तक्रार नव्हती ती फक्त लक्ष्मीआईची.

अशात जत्रेचे दिवस आले आणि सयाजी आमच्या दारात उभा राहिला. सयाजी खडकवठ्याच्या जत्रा कमिटीचा अध्यक्ष. सदऱ्याच्या खिशाला कायम पेन असतं, कमिटीत लिहिण्यासारखं काही नसतं. हातात आमंत्रणाचा नारळ होता. त्याच्या मागं बजाबाई.

अम्मीनं नारळाकडं बघितलंच नाही. "नक्को," ती म्हणाली. "मेरा बच्चा जाताच नै."

"भाबी, मी स्वतः गाडी घिऊन यीन. पोरं संगट देतो," सयाजी म्हणाला. "गेल्या टायमाला आमास्नी कळलंच न्हाय वो."

"कळ्या तब क्या कऱ्या?"

सयाजीनं खिशातलं पेन काढलं, बघितलं आणि परत ठेवलं.

"दुसऱ्या गावचा मुलाणी आणा की," तन्वीर म्हणाला. तो नेमका आला होता.

"आणला आस्ता. म्हातारी आयकंना."

म्हातारी उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती. आत ये म्हटलं तरी येईना. बाहेर सोलापूरचं ऊन, फरशी अशी तापलेली की आमचं मांजरसुद्धा भिंतीवरून चालत होतं. अम्मीचं लक्ष बजाबाईच्या पायांकडं गेलं. टाचांना भेगा पडून त्या काळ्या झाल्या होत्या, एका पायाला चिंधी बांधलेली.

अम्मी उठली. स्वतःच्या चपला आणून तिनं बजाबाईच्या पायांपुढं ठेवल्या.

"पैन."

"न्हाय लालबी. आजून फिटला न्हाय."

दोघी त्या चपलांकडं बघत राहिल्या. मग अम्मीनं बजाबाईच्या दंडाला धरून तिला आत ओढलं, पंख्याखाली बसवलं आणि पाणी आणायला गेली. आत माठापाशी ती बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा मला म्हणाली, "जाके आ. दादा को ले जा."

तन्वीर मला जिन्यात म्हणाला, "तुला म्हणता येत नाही ना ते? मला माहितीय. खुर्चीत बसून तुझे ओठ हलत नाहीत."

मी पुढची पायरी उतरलो.

"न म्हणता कापलंस तर ते मुडदार होईल, म्हणजे मेल्या जनावरासारखं हराम. गावाला कळणार नाही. मनातल्या मनात म्हण."

वर दादा जागेच होते. त्यांना सगळं ऐकू येतं, फक्त आपण बोलावलेलं येत नाही. "मनात चालत न्हाय," ते वरून म्हणाले. "जिबंवर पायजे."

तेव्हा प्रश्न एवढाच उरला होता. गावभर लोक हलालच्या भरवशावर जेवायला बसणार, म्हातारीचा नवस फिटणार, आणि ते सगळं माझ्या जिभेवर. ती नाही म्हणाली तर फसवणूक तरी करायची किंवा सगळ्यांपुढं सुरी खाली ठेवायची.

लक्ष्मीआईचं देऊळ गावाबाहेर, लिंबाच्या झाडाखाली. देऊळ म्हणजे कमरेएवढी चौकट आणि आत शेंदूर. दादांना सयाजीनं गाडीतून आणून खुर्चीवर बसवलं, मी मोटरसायकलवर गाडीच्या मागोमाग आलो. माझ्याशी लोक फार जपून बोलत होते. मी पाणी मागितलं की तिघं पळायचे. एकानं तर मला 'अहो' केलं. आम्ही लहानपणी एकमेकांच्या चड्ड्या विहिरीत टाकलेल्या.

बजाबाईचं बकरं करड्या रंगाचं होतं, एक कान पांढरा. गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला हळद. तिथला रिवाज असा की बकऱ्याच्या अंगावर पाणी शिंपडायचं, आणि त्यानं अंग झाडलं की आईनं घेतलं असं समजायचं. नाही झाडलं तर सुरी लावायची नाही.

सयाजीनं पाणी शिंपडलं. बकरं हार खात होतं.

पुन्हा शिंपडलं. हलगी थांबली. बकऱ्यानं झेंडूचं एक फूल संपवून दुसरं घेतलं.

"थंड पानी आणा," कुणीतरी म्हणालं. थंड पाणी आणलं. मग कुणी म्हणालं कानात फुंका. कानात फुंकलं. एक म्हातारा म्हणाला, आईचा राग हाय, गेल्या सालचा. त्याबरोबर सगळे माझ्याकडं बघायला लागले, आणि मी बघितल्यावर दुसरीकडं बघायला लागले. सगळी जत्रा उन्हात उभी राहून एका बकऱ्याच्या अंगावर काटा यायची वाट बघत होती. बजाबाई चौकटीपुढं गुडघे टेकून वाकली होती आणि देवीला हळूहळू काहीतरी सांगत होती, शेजारणीला सांगावं तसं.

मला वाटलं, सुटलो. हे बकरं घेतलं जाणार नाही, मला बोलावं लागणार नाही. मग बजाबाईच्या तळव्यांकडं लक्ष गेलं. ती वाकल्यामुळं ते वर आले होते.

दादा खुर्चीवरून म्हणाले, "मोईन, पानी पाज त्याला. निसतं अंगावर काय टाकताय. उनात हुबा हाय त्यो."

ते खरं होतं. सकाळपासून त्याच्यावर पाणी टाकलं होतं, त्याला दिलं कुणीच नव्हतं.

मी जर्मनची वाटी भरून घेतली आणि त्याच्यापुढं बसलो. बकऱ्यानं हार सोडला. वाटीत तोंड घालण्याआधी त्यानं माझ्याकडं बघितलं. बकऱ्याच्या डोळ्यात फार काही नसतं, ते काव्य मी करणार नाही. पण तहान होती. ती मी ओळखतो.

मी वाटी पुढं केली. आणि पाणी पिताना म्हणतात ते, लहान मुलाला पाजताना अम्मी त्याच्या वतीनं म्हणते ते, मी म्हणालो. "बिस्मिल्ला."

ऐकू आलं तेव्हाच मला कळलं की मी म्हटलं. बाटली कुठं दिसली नाही. बहुतेक या वेळी बाटली माझ्याच हातात होती म्हणून. बकऱ्याला काही म्हणावं लागलं नव्हतं. ते पीत होतं.

वाटी संपली. त्यानं मान वर केली, पांढऱ्या कानातून पाण्याचा थेंब आत गेला असावा, आणि त्यानं असं अंग झाडलं की मी भिजलो, हळद माझ्या तोंडावर उडाली. हलगी सुटली. सयाजीनं आणि पोरांनी धावत येऊन बकऱ्याचे पाय धरले. दोघांनी पुढचे, दोघांनी मागचे.

"सोडा," मी म्हणालो.

"आरं लाथा झाडंल की."

"झाडू दे. सोडा तुम्ही."

ते सोडून मागं सरले. दादा खुर्चीतून उठून आले, मातीत बसले आणि आपल्या कापऱ्या हातानं त्यांनी बकऱ्याचं डोकं मांडीला धरलं. हात कापत होता त्यामुळं थोपटल्यासारखं होत होतं.

आजवर मला वाटायचं, नाव घेतलं की काम आपलं राहत नाही, त्याचं होतं. आपण फक्त सुरी. त्या पोरांनाही तसंच वाटलं असेल. त्या दिवशी उलटं झालं. मी नाव घेतलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि घेतल्याबरोबर ते काम पुरतं माझं झालं. कारण आता कुणीतरी बघत होतं. माझा हात, माझी सुरी, त्याची मान. मी थांबलो नाही. थांबायचं नसतं.

नंतर मी लिंबाखाली जाऊन ओकलो. सयाजीनं लोकांना सांगितलं की ऊन लागलं.

बजाबाईला कुणीतरी चपला आणून दिल्या. तिनं त्या घातल्या आणि पहिल्यांदा चालायला शिकणाऱ्या पोरीसारखी ती चार पावलं अडखळली. वाट्याच्या वेळी ती स्टीलचा डबा घेऊन आली. नवा कोरा, घट्ट झाकणाचा, आतलं काही दिसणार नाही असा.

"ह्यात ने आवंदा."

"खणात बांध," मी म्हणालो.

"नगं रं बाबा."

"परसाद हाय म्हणालीस ना? मग बांध."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग ओटीतला खण घेतला, या वर्षीचा जांभळा होता, आणि बांधला. पण माझ्या हातात दिला नाही. सयाजीची गाडी, सयाजीची पोरं, सगळ्यांना बाजूला सारून ती माझ्या मोटरसायकलवर मागं बसली, गाठोडं मांडीवर घेऊन.

"आवंदा मी धरती. बगू कोन इचारतंय."

दादांना सयाजी गाडीतून मागून घेऊन येणार होता. आम्ही दोघं निघालो. वाटेत ती सारखी बोलत होती : जावयाबद्दल, शेळ्यांबद्दल, नव्या चपला चावतात त्याबद्दल. बंद पेट्रोल पंप दिसायला लागला तशी गप्प झाली.

तिथं कुणीच नव्हतं. एक पंक्चरवाला, त्याचं दुकान बंद. मी गाडी थांबवली.

"हितंच का?"

"इथंच."

"मग का थांबलास?"

"असरची वेळ झालीय."

तिला ते कितपत कळलं माहीत नाही. मी गाडीला लटकवलेली बाटली काढली, हात, तोंड, पाय धुतले. पाणी त्याच मातीत गेलं. सूर्य कलला होता ती बाजू धरून मी उभा राहिलो. शर्टावर रक्ताचे थेंब होते. तन्वीरच्या हिशोबानं ती नमाज झालीच नाही. ती धरायची का नाही हे ज्याच्या हिशोबात जाते त्यानं बघावं.

उभं राहून म्हणायचं ते म्हटलं. जीभ येत होती. वाकलो. मग गुडघे टेकले आणि डोकं वीतभर वर नेहमीसारखं थांबलं. मागून एक ट्रक गेला. त्याच्यामागून एक मोटरसायकल, ती आमच्यापाशी येऊन सावकाश झाली. मी तसाच अधांतरी.

मागं चपलांचा आवाज झाला. बजाबाई गाठोडं घेऊन माझ्या आणि रस्त्याच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"काय बगतोस?" तिनं त्या मोटरसायकलवाल्याला विचारलं. "जा की फुडं."

मोटरसायकल गेली.

"मी हाय मागं," ती म्हणाली. हे मला म्हणाली.

मी डोकं टेकवलं. माती गरम होती. कपाळाला खडा टोचत होता आणि मान उन्हात उघडी पडली होती, आणि मी ज्याला विचारायचं होतं त्याला नावानं हाक मारली. विचारायचं ते मात्र आठवेना. नुसतीच हाक मारत राहिलो.

किती वेळ गेला कळलं नाही.

"मोईन्या," बजाबाई म्हणाली, "ऊट की रं. उनात मटान वास मारंल."

मी अजून थोडा वेळ तसाच राहिलो.